टॅक्स ऑडिट लागतं का हे नुसत्या विक्रीवरून ठरवू नका

आर्टिकलशिपचं, म्हणजे सीए होताना ऑफिसात करायच्या ट्रेनिंगचं, पहिलं वर्ष, सप्टेंबर 2024. बिल्डिंग मटेरियलवाल्या एका क्लायंटची फाईल माझ्याकडे होती, उलाढाल 4 कोटी 20 लाख. विक्रीचे पैसे जवळपास सगळे यूपीआय नाहीतर एनईएफटीनं आलेले, रोख जेमतेम 2 टक्के, म्हणून मी फाईलवर लिहून मोकळी झाले की 10 कोटीची लिमिट आहे, टॅक्स ऑडिट (सीएकडून हिशेब तपासून रिपोर्ट देणं) लागत नाही.

आता नीट वाचा. धंद्याची उलाढाल 1 कोटीच्या वर गेली की ऑडिट लागतं. ही 1 कोटीची लिमिट 10 कोटी कधी होते, तर वर्षभरात आलेल्या एकूण पैशांत रोख 5 टक्क्यांच्या आत आणि गेलेल्या एकूण पैशांतही रोख 5 टक्क्यांच्या आत असेल तरच. दोन्ही हवं. एक जरी बाजू हुकली तरी परत 1 कोटीवर. आणि मी पेमेंटची बाजू बघितली नव्हती असं नाही, बघितली, पण बँक स्टेटमेंटवरून! दर शनिवारी 'सेल्फ' चेकनं 50-55 हजार रोख निघत होते, ते मी बँक पेमेंट धरले. अहो ते पैसे नुसते गल्ल्यात आले होते, तिथून हमाली, वाळूच्या गाड्या, डिझेल, मजुरी असे रोखीतच गेले. बँकेतून काढलं ते पेमेंट नाही, गल्ल्यातून दिलं ते पेमेंट. एकूण पेमेंट 3 कोटी 95 लाख, त्याचे 5 टक्के 19 लाख 75 हजार, आणि कॅश बुकात (रोखीच्या वहीत) रोख पेमेंट निघालं 27 लाख. बेअरर चेकसुद्धा यात रोखच धरतात, तेही विसरू नका.

26 तारखेला रात्री सरांनी, म्हणजे ज्यांच्याकडे मी शिकत होते त्या सीएंनी, फाईल उघडली आणि पहिलंच विचारलं, कॅश बुक कुठंय? माझ्या हातापायातलं बळच गेलं. ऑडिट चुकलं असतं तर तेव्हाच्या नियमानं दंड उलाढालीच्या अर्धा टक्का किंवा दीड लाख, जे कमी असेल ते. म्हणजे क्लायंटला थेट दीड लाख. सर ओरडले, पण रात्री 11 पर्यंत शेजारी बसून माझं वर्किंग तपासलं. असे सर मिळाले तर सोडू नका, गोड बोलून न बघता सही करणाऱ्यांपेक्षा हजारपट बरे. आणि व्हॉट्सॲपवर फिरणारे लिमिटचे चार्ट डिलीट करा, त्यात 'डिजिटल असेल तर 10 कोटी' एवढंच असतं.

तारखांचं पण सांगते. ऑडिट लागत असेल तर 31 ऑक्टोबर ही रिटर्नची तारीख, ऑडिट रिपोर्ट त्याच्या महिनाभर आधी, 30 सप्टेंबरला. त्या वर्षी 29 सप्टेंबरला मुदत 7 ऑक्टोबर झाली म्हणून वाचलो, पण वाढेलच म्हणून बसू नका प्लीज.

घाबरू नका, वेळेत सापडलेली चूक दुरुस्त होते. आमचा रिपोर्ट 5 ऑक्टोबरला अपलोड झाला, पण क्लायंटनं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ॲक्सेप्ट केल्याशिवाय तो फाईल झाला असं धरत नाहीत, आणि ओटीपी जायला लागला त्यांच्या जुन्या अकाउंटंटच्या मोबाईलवर. नंबर बदलून ॲक्सेप्ट होईपर्यंत 7 ची संध्याकाळ झाली. तेव्हापासून मी ऑगस्टमध्येच प्रत्येक क्लायंटला समोर बसवून लॉगिन करून बघते.