रेटिनाचे ठिपके किती जवळ आहेत, घरच्या घरी मोजा

चष्म्याच्या दुकानात "सहा बाय सहा, एकदम परफेक्ट" असं ऐकलं की आपण खूश होऊन बाहेर पडतो, पण सहा बाय सहा ही डोळ्याची हद्द नाहीये हो, ती नुसती पासिंगची लाइन आहे. खरी हद्द रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मधोमध प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशी एकमेकींना किती खेटून बसल्यात त्यावर ठरते, आणि एक छापील कागद, मेजरटेप आणि घरातला एक न कंटाळणारा माणूस एवढ्यावर ती बऱ्यापैकी मोजता येते. (या पेशींना इंग्रजीत कोन म्हणतात, पण आपल्याकडे कोन म्हटलं की एकतर काटकोन आठवतो नाहीतर आइस्क्रीम, म्हणून शंकूपेशीच म्हणतो.)

आधी १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी डोळ्यासमोर आणा. मधल्या ओळीत १५, वर खाली एकेक कमी, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्ये. फोव्हिआच्या, म्हणजे रेटिनाच्या मधल्या बारीक खळग्याच्या, केंद्रात शंकूपेशी साधारण अशाच बसलेल्या असतात, चौरस मिलिमीटरला सरासरी २ लाखांच्या आसपास, म्हणजे दोघींत अंतर जेमतेम २.५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). काळी आणि पांढरी रेघ वेगवेगळी दिसायची तर काळीच्या वाट्याला ठिपक्यांची एक ओळ यायला हवी आणि पांढरीच्या वाट्याला दुसरी. दोन्ही एकाच ओळीवर पडल्या की मेंदूपर्यंत नुसता राखाडी रंग पोचतो, मग कितीही डोळे ताणा.

आता कागद. १ मिलिमीटर काळी, १ मिलिमीटर पांढरी अशा पट्ट्या काढून हाताएवढा चौकोन भरा आणि लेझर प्रिंट घ्या. झेरॉक्सवाल्याला "फिट टू पेज" करू नको म्हणून बजावून सांगा आणि तरी घरी येऊन पट्टीने १० जोड्या मोजा, बरोबर २० मिलिमीटर भरल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या प्रिंटमध्ये १९ भरल्या होत्या आणि ते मला सगळं मोजून झाल्यावर कळलं.

कागद भिंतीवर लावा, दिवसाउजेडी, चष्मा असेल तर घालून, एक डोळा झाकून. हळूहळू मागे जा. इथे लोक स्वतःलाच फसवतात, कारण पट्ट्या उभ्या आहेत हे माहीत असलं की त्या दिसतच राहतात. म्हणून दुसऱ्याने कागद दरवेळी मनाला येईल तसा उभा नाहीतर आडवा धरायचा आणि तुम्ही फक्त "उभ्या" की "आडव्या" एवढंच सांगायचं. १० पैकी ८ बरोबर येतात तोपर्यंत ते अंतर पास. ५-५ वर आलात की तुम्ही ठोकताळे मारताय.

हिशोब अगदी सोपा आहे. डोळ्याच्या आत प्रकाशकिरण जिथून फाकतात असं धरतात तो बिंदू रेटिनापासून सुमारे १७ मिलिमीटरवर असतो, म्हणून १७ ला मीटरमधल्या अंतराने भागलं की १ मिलिमीटरच्या पट्टीची रेटिनावरची रुंदी थेट मायक्रॉनमध्ये मिळते. मी ५ मीटरपर्यंत तग धरला, म्हणजे ३.४ मायक्रॉन. सहा बाय सहावाला माणूस ३.४ मीटरवरच पास होतो, त्याची पट्टी ५ मायक्रॉनची, म्हणजे दोन शंकूपेशी मावतील एवढी ऐसपैस! आणि शंकूपेशींची हद्द येते ती जवळपास ७ मीटरवर.

तिथपर्यंत बहुतेक जण पोचत नाहीत, आणि त्यात दोष रेटिनाचा नसतो, चष्म्याचा थोडासा चुकलेला नंबर, मोठी झालेली बाहुली, अंधूक उजेड, यातलंच काहीतरी आडवं येतं. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली हेच करून बघा, मीटरभर तरी पुढे सरकावं लागेल. (लग्नात अरुंधती दाखवतात तो काही शंकूपेशींचा कस नव्हे, वसिष्ठ आणि अरुंधती यांच्यात १२ कला अंतर आहे (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि डोळा १ कला सहज वेगळी करतो. शहरात अरुंधती दिसत नाही ती दिव्यांच्या उजेडामुळे.) मात्र एका डोळ्याचं अंतर दुसऱ्यापेक्षा बरंच कमी येत असेल तर टेप ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

आता कागदापासून ३ मीटरवर उभे राहा, हात लांब करून मूठ धरा आणि नजर कागदापासून एका मुठीएवढी बाजूला न्या. पट्ट्या गायब. तिथे शंकूपेशी विरळ असतात, मध्ये दुसऱ्या पेशी घुसलेल्या असतात, वर कित्येक शंकूपेशींची मिळून एकच वायर मेंदूकडे जाते.

शेवटची गंमत मात्र चुकवू नका. २ मिलिमीटर जाडीच्या दोन उभ्या रेघा दोन कागदांवर काढा, एकीखाली एक लावा आणि खालचा कागद अर्धा मिलिमीटर सरकवा. ५ मीटरवरून ती सरक मला चटकन दिसते. भागाकार केला तर रेटिनावर ती १.७ मायक्रॉन, एका शंकूपेशीच्या अंतरापेक्षाही कमी! याला व्हर्नियर अ‍ॅक्युइटी म्हणतात, शाळेतल्या व्हर्नियर कॅलिपरवरून. रेघ कितीतरी ठिपक्यांवर पसरते, कुणाला जास्त उजेड मिळतो कुणाला कमी, आणि त्या सगळ्यांच्या हिशोबातून मेंदू रेघेचा मध्य काढतो. कागद आणखी थोडा कमी सरकवून बघा, मी ०.३ मिलिमीटरवर अडकलो.