प्रकाशसंश्लेषण: पेपरात आणि प्रॅक्टिकलला या चुका टाळा

अकरावी-बारावीच्या पोरांना प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, पण पेशीत नेमकं कुठे काय चालतं म्हटलं की गाडी अडते, आणि मार्क जातात ते तिथेच.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साईडमधून येतो असं ठोकून देणं. तो पाण्यातून येतो. सॅम रुबेन आणि मार्टिन कामेन वगैरेंनी 1941 मध्ये क्लोरेला शैवालाला ऑक्सिजन-18 (ऑक्सिजनचा जड प्रकार) वालं जड पाणी दिलं आणि सुटलेल्या गॅसमध्ये तोच जड ऑक्सिजन सापडला, विषय संपला. हे पाणी फुटतं हरितलवकातल्या (पेशीतल्या हिरव्या कणातल्या) थायलाकॉईड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पडद्यात, फोटोसिस्टिम टू या उजेड पकडणाऱ्या प्रथिनांच्या संचापाशी. म्हणूनच पूर्ण समीकरणात डावीकडे 12 पाणी लिहितात, कारण 6 ऑक्सिजन रेणूंचे 12 अणू सगळे पाण्यातूनच यायचेत, 6 पाण्यात ते बसतच नाहीत. आणि हो, फोटोसिस्टिमचा नंबर टू असला तरी काम आधी टूच करतो, फोटोसिस्टिम वन नंतर. नंबर शोध लागला त्या क्रमाने पडलेत, त्यावरून आकृतीतले बाण उलटे काढू नका.

दुसरी चूक जास्त चिवट आहे: डार्क रिअ‍ॅक्शन रात्री होते. नाही होत हो! डार्क रिअ‍ॅक्शन म्हणजे केल्विन सायकल, कार्बन डायऑक्साईडपासून साखर बनवणारी; ती स्ट्रोमात (थायलाकॉईडभोवतीच्या द्रवात) चालते आणि तिला थेट उजेड लागत नाही एवढंच खरं, पण एका ग्लुकोजच्या हिशोबाने तिला 18 एटीपी आणि 12 एनएडीपीएच (ऊर्जा आणि हायड्रोजन पुरवणारे रेणू) लागतात आणि ते थायलाकॉईडमधून उजेडातच तयार होऊन येतात, साठवून ठेवायची सोय नाही. शिवाय उजेडात प्रोटॉन थायलाकॉईडच्या आत ओढले जातात, त्यामुळे स्ट्रोमाचा पीएच 8 च्या आसपास चढतो, मॅग्नेशियम वाढतं आणि रुबिस्को (कार्बन डायऑक्साईड पकडणारं एन्झाइम) तेव्हाच नीट चालतं, म्हणजे अंधार पडला की सायकल थोड्याच वेळात थंडावते. मग कोणीतरी हुशार विचारतोच, निवडुंगाचं काय? निवडुंग, अननस यांची पर्णरंध्रं रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साईड आम्लाच्या रूपात साठतो, पण केल्विन सायकल त्यांचीही दिवसाच.

आता ग्लुकोज. सायकलमधून थेट ग्लुकोज बाहेर पडत नाही, तीन कार्बनची साखर निघते. तिचा काही भाग हरितलवकातच स्टार्च होतो, बाकीची बाहेर सायटोप्लाझममध्ये जाऊन सुक्रोज बनते. हे डोक्यात बसलं की आयोडीनचा प्रयोग का फसतो ते आपोआप कळतं. त्यात पानाचा काही भाग काळ्या कागदाने झाकून कुंडी उजेडात ठेवतात, मग पानावर आयोडीन टाकतात; स्टार्च असेल तिथे निळा-काळा रंग येतो.

झाकलेला भागही निळा-काळा झाला? कुंडी आधी अंधारात ठेवलेली नसते. पानातला जुना स्टार्च हळूहळू वापरला जातो, त्यामुळे 24 ते 48 तास अंधार द्या, आणि काळा कागद दोन्ही बाजूंनी घट्ट लावा, कडेने उजेड शिरला तर रेषा पुसट येते. पान निळं झालंच नाही? बहुतेक वेळा पाण्यात आधी उकळलेलं नसतं, त्यामुळे पेशी मरत नाहीत आणि आयोडीन आत जात नाही, नाहीतर गरम अल्कोहोलमध्ये हिरवा रंग पूर्ण निघालेला नसतो. कांद्याची पात घेऊन बसलात तर काहीच दिसणार नाही, ती स्टार्च साठवतच नाही, जास्वंद घ्या. अल्कोहोलमधून काढलेलं पान कडक होतं, कोमट पाण्यात बुडवून मगच पसरा. आणि अल्कोहोल सरळ बर्नरवर ठेवायचं धाडस कोणी करू नका, ते साधारण 78 अंशांना उकळतं आणि वाफ भक्कन पेटते, बर्नर बंद करून गरम पाण्याच्या बीकरमध्ये टेस्ट ट्यूब ठेवा, पुरतं.

कोलियसचं लाल पान घेतलं म्हणून प्रयोग बिघडला असं व्हायवात (तोंडी परीक्षेत) सांगू नका. लाल रंग पाण्यात विरघळणारा असतो, उकळलं की उतरतो आणि खालचं हरितद्रव्य दिसायला लागतं.