डोळ्याच्या खोबणीचे फ्रॅक्चर : सीटी मागवताना आणि वाचताना या चुका टाळा

पोळ्याला बैलाचे शिंग लागलेला किंवा दुचाकीवरून पडलेला रुग्ण तालुक्याहून लातूर-नांदेडला पाठवला जातो, तेव्हा चिठ्ठीवर बहुधा ‘सीटी ब्रेन’ एवढेच लिहिलेले असते, आणि पहिली चूक तिथेच होते. मेंदूसाठी साधारण 5 मिलिमीटर जाडीचे आडवे छेद चालून जातात. खोबणीचा तळ मात्र कागदासारखा पातळ आणि त्या छेदांना जवळजवळ समांतर असल्याने त्यातली भेग सहज निसटते. म्हणून ‘सीटी ऑर्बिट’ (म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा सीटी) असे स्पष्ट लिहून 1 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ छेद कोरोनल (समोरून दिसणारे उभे छेद) व सॅजिटल (बाजूने दिसणारे उभे छेद) प्रतिमांसह, बोन आणि सॉफ्ट टिश्यू या दोन्ही विंडोंत (म्हणजे हाड आणि मऊ ऊती स्पष्ट दाखवणाऱ्या मांडण्यांत) मागवावेत. ब्रेनचा स्कॅन झालेलाच असेल आणि त्यात खोबण पूर्ण आली असेल, तर मूळ पातळ डेटातून हे छेद पुन्हा काढता येतात. मात्र डेटा पुसला जाण्याआधी सेंटरला फोन करावा. ट्यूबलाइटसमोर धरलेल्या फिल्मचा व्हॉट्सॲपवरील फोटो पाहून मत देऊ नये.

साध्या एक्स-रेत काही दिसले नाही, म्हणून फ्रॅक्चर नाही असे ठरत नाही.

सर्वांत महागात पडते ती मुलांमधली चूक. चेंडू लागलेल्या दहा वर्षांच्या मुलाचा डोळा पांढराशुभ्र असतो, सूज नसते, पण वर पाहताच त्याला एकाचे दोन दिसतात, उलट्या होतात, नाडी मंदावते. आणि उलट्यांमुळे सगळ्यांचे लक्ष मेंदूकडे जाते. प्रत्यक्षात तळाचे लवचीक हाड झडपेसारखे उघडून मिटलेले असते आणि त्यात खालचा स्नायू, म्हणजे इन्फिरिअर रेक्टस, चिमटलेला असतो. हाड जागेवर दिसल्याने रिपोर्टात ‘नॉर्मल’ येते. कोरोनल छेदात हा स्नायू दुसऱ्या डोळ्याशी ताडून पाहावा. खोबणीत सापडला नाही, तर खालच्या सायनसमध्ये, म्हणजे गालाच्या हाडातील पोकळीत, शोधावा. असा मुलगा सोमवारच्या ओपीडीसाठी थांबवू नये, कारण शस्त्रक्रिया शक्यतो 24 ते 48 तासांच्या आत व्हावी लागते.

उलट दिशेची चूकही घडते : तळातून जाणाऱ्या इन्फ्राऑर्बिटल नसेची नैसर्गिक वाट भेग समजली जाते. ही वाट सहसा दोन्ही बाजूंना दिसते.

वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करणाऱ्याच्या डोळ्यात लोखंडाचा कण असण्याची शंका असेल, तर सीटीने ती फिटेपर्यंत एमआरआय करू नये. काटकीचा तुकडा सीटीत हवेसारखा काळा दिसतो, हेही ध्यानात ठेवावे.

आणि मार लागल्यावर डोळा बाहेर येऊन दगडासारखा टणक झाला असेल, नजर झपाट्याने जात असेल, तर सीटीसाठी रुग्णाला गाडीत बसवू नये. आधी पापणीच्या बाहेरच्या कोपऱ्यात छेद देऊन दाब मोकळा करावा, स्कॅन नंतर करावा.