नवीन हॅम (हौशी रेडिओवाले) झालात? रिगला, म्हणजे रेडिओ संचाला, दोष देण्याआधी या चुका टाळा

लायसन्स आलं, व्हीयू३ ने सुरू होणारा कॉलसाइन (हवेवरचं ओळखनाव) मिळाला, रिग घेतला, लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन कोॲक्स (अँटेनाची केबल) आणि कनेक्टर आणले, सगळं जोडून सीक्यू (कोणीही उत्तर द्या अशी हाक) दिला आणि उत्तर कोणाचंच नाही. अशा वेळी नवीन माणसाला वाटतं रिगच खराब आहे किंवा पॉवर कमी पडतेय, आणि मग पैसे जातात दुसऱ्या रिगवर नाहीतर ॲम्प्लिफायरवर. माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत तरी दोष बहुतेक वेळा रिगच्या मागच्या सॉकेटपासून अँटेनाच्या टोकापर्यंत कुठेतरी असतो, म्हणून शोध तिथून सुरू करा.

सगळ्यात आधी केबल. आपल्याकडे फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि अँटेना गच्चीवर, म्हणजे २५ मीटर केबल सहज लागते. दुकानदार बारीक आरजी-५८ देतो, स्वस्त असते, वळते छान, पण २ मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, व्हीएचएफ) तेवढ्या लांबीत साधारण ५ डीबी (डेसिबल) सिग्नल खाऊन टाकते, म्हणजे रिगमधून ५० वॅट निघाले तर वर पोचतात जेमतेम १६. ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास, एचएफ) हीच केबल चालून जाते, तिथे लॉस बराच कमी. व्हीएचएफसाठी मात्र आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० घ्या, महाग वाटेल पण रिगपेक्षा आधी इथे खर्च करा. डिशची आरजी-६ काहीजण हसण्यावारी नेतात, खरं तर ती ७५ ओहमची असली तरी लॉसमध्ये आरजी-५८ पेक्षा चांगली आहे आणि एचएफ डायपोलला (मधोमध केबल जोडलेला दोन तारांचा अँटेना) व्यवस्थित चालते, त्रास होतो तो कनेक्टरचा, कारण तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डर धरत नाही.

आता खरी फसवणूक कुठे होते ते सांगतो. शॅकमधल्या (रेडिओच्या खोलीतल्या) मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते त्याचं माप, १ म्हणजे उत्तम) १.५ दिसला की लोक निवांत होतात, अँटेना झकास आहे म्हणतात. पण केबल लॉसी असेल तर अँटेनाकडून परत येणारी पॉवरही वाटेत केबलच खाते, त्यामुळे मीटरला खोटं चांगलं चित्र दिसतं. वरच्या २५ मीटर आरजी-५८ चंच घ्या, तिच्या टोकाला अँटेना लावलाच नाही तरी १४५ मेगाहर्ट्झवर खाली एसडब्ल्यूआर २ च्या आसपासच दिसेल! डमी लोडचा (पॉवर नुसती उष्णतेत घालवणाऱ्या नकली अँटेनाचा) एसडब्ल्यूआर पण एकदम फर्स्ट क्लास असतो, म्हणून त्याच्यावरून कोणी डीएक्स (लांबच्या देशांशी संपर्क) करतं का?

टेस्ट सोपी आहे. एखादा नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं यंत्र) मिळवा, ग्रुपमध्ये कोणाकडे तरी असतोच. गच्चीवर जाऊन अँटेना काढा, केबलचं टोक मोकळं ठेवा आणि खाली शॅकमध्ये वाचन घ्या. केबल चांगली असेल तर एसडब्ल्यूआर आकाशाला भिडला पाहिजे, आणि तो दोन-तीनच्या आसपासच घुटमळत असेल तर तुमची पॉवर केबलमध्येच गरम होतेय. मग नॅनोव्हीएनए वर नेऊन अँटेनाच्या पायथ्याशी थेट मोजा, तो आकडा खरा.

आणि केबल नवीन असताना चांगली होती म्हणून आजही चांगली असेल असं धरू नका, कारण मधे पावसाळा गेलाय. केबलच्या टोकाचा नेहमीचा पीएल-२५९ कनेक्टर वॉटरप्रूफ नसतो. पाणी एकदा आत शिरलं की जाळीतून वात तेल ओढते तसं मीटरभर आत चढतं, आणि त्यात आपली समुद्राची खारी हवा, तांबं काळं-हिरवं पडायला वेळ लागत नाही. नुसती काळी टेप गुंडाळून भागत नाही, मे महिन्याच्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि जुलैत ती लोंबायला लागते. आधी साध्या पीव्हीसी टेपचा एक थर, त्यावर सेल्फ अमाल्गमेटिंग टेप (स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी रबरी टेप) ताणून, वरून परत पीव्हीसी, आणि शेवटचा थर खालून वर गुंडाळा म्हणजे पाणी फटीत न अडकता ओघळून जातं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन कनेक्टरवर अजिबात लावू नका, त्यातलं ॲसिड तांबं खातं. केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवा, नाहीतर पाणी केबलवरून सरळ खिडकीत येतं. जुनी केबल तपासायची तर टोकापासून फूटभर कापा, आत जाळी चकचकीत दिसली तर नवीन कनेक्टर लावा, काळी असेल तर अजून फूटभर कापा, तरी काळीच असेल तर टाकून द्या, जीव अडकवू नका.

पॉवर सप्लायची चूक वेगळी दिसते. बोलायला लागलं की डिस्प्ले मंद होतो, रिग रीसेट होतो, समोरचा म्हणतो ऑडिओ फाटतोय. १०० वॅटच्या रिगला ट्रान्समिट करताना १३.८ व्होल्टवर २० ॲम्पिअरच्या आसपास लागतात, एलईडी पट्टीचा १२ व्होल्टचा छोटा एसएमपीएस तिथे पुरणारच नाही. सप्लाय दणकट असूनही असं होत असेल तर वायर बारीक आहे किंवा फ्यूज होल्डर ढिला आहे. मल्टीमीटर रिगच्या टोकाला लावा आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबून बघा किती व्होल्ट पडतात.

४० मीटरवर एस-९ चा नॉइज (रिगच्या सिग्नल मीटरवर खूप वरचा आकडा), काहीच ऐकू येत नाही, ही तर मुंबईची कायमची तक्रार. अँटेना बदलण्याआधी एक काम करा, रिग बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच बंद करा. नॉइज धपकन खाली आला तर चोर घरातच आहे, एकेक एमसीबी चालू करत जा, सापडतो. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्सचा ॲडॅप्टर, हे नेहमीचे. काहीच फरक पडला नाही तर शेजारी किंवा लिफ्टची मोटर, मग एएमचा छोटा ट्रान्झिस्टर हातात घेऊन जिन्यात फिरा आणि आवाज कुठे वाढतो ते ऐका. शेजाऱ्यांशी भांडू नका, स्वतःच्या खर्चाने त्यांना एक चांगला ॲडॅप्टर दिला तर काम लवकर होतं.

डायपोलबद्दल थोडक्यात: १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ही एकूण लांबी मीटरमध्ये, म्हणजे ७.१ ला साधारण २०.१ मीटर. पण गच्चीवर पाण्याची टाकी, लोखंडी रेलिंग, पाइप, सगळं जवळ असतं, त्यामुळे सूत्र तंतोतंत लागू होत नाही. वायर जास्तच ठेवा, दोन्ही बाजू सारख्या, थोडं थोडं कापत मोजा, कारण कापलेली वायर परत जोडत बसणं वैताग आहे.

हँडीवाल्यांचं (हातातल्या छोट्या रेडिओवाल्यांचं) नेहमीचं, रिपीटर (उंचावरून आपला सिग्नल पुन्हा पाठवणारं स्टेशन) ऐकू येतो पण मी त्याच्यापर्यंत जात नाही. बहुतेक वेळा टोन (रिपीटर उघडणारा हलका सूर) टाकलेला नसतो किंवा ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) चुकलेला असतो, २ मीटरवर तो सहसा वजा ६०० किलोहर्ट्झ. पीटीटी सोडल्यावर रिपीटरची शेपटी (तो बंद होण्याआधी क्षणभर येणारा त्याचा आवाज) ऐकू आली तर तुम्ही पोचताय, कोणी बोलत नाहीये इतकंच. शेपटी पण नाही आली तर आधी सेटिंग बघा, मग आरसीसीच्या खोलीतून उठून गॅलरीत या. आणि पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबून बोला, नाहीतर कॉलसाइनचं पहिलं अक्षर कापलं जातं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. स्वस्त चायनीज हँडी १३६ ते १७४ मेगाहर्ट्झमध्ये कुठेही ट्रान्समिट करतो आणि यूट्यूबवरचे बँड प्लॅन बरेचदा अमेरिकेचे असतात. तिथे २ मीटर १४८ पर्यंत आणि ४० मीटर ७.३ पर्यंत आहे, आपल्याकडे १४४ ते १४६ आणि ७.० ते ७.२. मुंबईसारख्या बंदराच्या शहरात १५६.८ वर, म्हणजे जहाजांच्या चॅनल १६ वर, चुकून जरी बटण दाबलं गेलं तरी कोणाच्या तरी मदतीच्या हाकेवर तुम्ही बसू शकता. प्रोग्रॅमिंग करताना ट्रान्समिटची हद्द १४४-१४६ ला बांधून टाका, आजच.

एफटी८ वर (कॉम्प्युटरने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) डिकोड होत नसेल तर आधी कॉम्प्युटरचं घड्याळ बघा, सेकंद-दोन सेकंदांचा फरक पण नडतो. आणि ४० मीटरवर व्हॉइस एलएसबी (लोअर साइडबँड) असला तरी एफटी८ यूएसबीवरच (अपर साइडबँड) चालतं.

गच्चीवर काही लावण्याआधी सोसायटीला पत्र द्या, विजेच्या तारांपासून लांब राहा, आणि मे-जून व ऑक्टोबरमध्ये गडगडाट सुरू व्हायच्या आधीच केबल रिगमधून काढून टोक खिडकीबाहेर ठेवा. केबलवर दर मजल्याला नाव, फ्लॅट नंबर आणि कॉलसाइन लिहिलेलं लेबल बांधा, कारण टाकी साफ करणारे आणि इंटरनेटवाले अनोळखी वायर दिसली की कापून मोकळे होतात.