किनाऱ्यावर तेल आलंय? मग निदान या चुका तरी टाळा

गोव्यात मे महिना कलला की कोलवा, बाणावली, कळंगुट, मोरजी, कुठे ना कुठे डांबराचे काळे गोळे येतातच, आपल्याला त्याची इतकी सवय झालीय की शॅकवाले पण म्हणतात "अहो दर वर्षीचंच आहे ते, पावसात जाईल वाहून". येतात ते का, तर मे-जूनपासून वारा समुद्राकडून जमिनीकडे असतो, आणि पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, म्हणजे वरच्या अंगाला समुद्रात जे काही सांडलं ते खाली आपल्या दारात. दोना पावलाच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी या गोळ्यांची रासायनिक ओळख तपासली तेव्हा काही मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या तेलाशी जुळले आणि काहींचा संबंध टँकर धुतलेल्या पाण्याशी लागला.

पण गंमत अशी की या वार्षिक गोळ्यांमुळे आपल्याला वाटतं तेल कसं हाताळायचं ते आपल्याला येतं. आणि आपल्याला येतं काय, तर ते पटकन दिसेनासं कसं करायचं. खरी मोठी गळती झाली तर हीच सवय महागात पडेल, कारण तेलाने होतं त्याच्या वर आणखी नुकसान घाईच्या सफाईने होतं.

वाळूत पुरणं

ही सगळ्यात कॉमन चूक. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आत फावड्याने खड्डा, गोळे आत, वर वाळू, झालं साफ. पण वाळूखाली हवा कमी पोचते, तेल खाणारे जिवाणू तिथे नीट काम करत नाहीत, त्यामुळे वर आहे त्यापेक्षा ते खाली जास्त टिकतं आणि पुढच्या मोठ्या भरतीला लाट वाळू ओढून नेते तेव्हा जसंच्या तसं वर येतं, तेही बरोबर सीझनच्या वेळी.

वेचायचं असेल तर भल्या पहाटे वेचा. थंड असताना गोळा कडक असतो, दाताळ्याने किंवा चाळणीने सुटा उचलता येतो. अकरा वाजले की ऊन लागून तो पाघळतो, मग एका गोळ्यामागे पाटीभर वाळू उचलावी लागते. भरायला जाड पोती घ्या, पातळ काळ्या कचऱ्याच्या पिशव्या उन्हात फाटतात आणि सगळं परत वाळूत. आणि हा माल नेहमीच्या कचऱ्यात टाकायचा नाही, जाळायचा तर मुळीच नाही, पंचायतीमार्फत प्रदूषण मंडळाला विचारून वेगळा द्यायचा.

जेसीबी लावणं

जेसीबी दिसला की सरकार काम करतंय असं वाटतं म्हणून सगळे खूश असतात. पण तेल असतं वरच्या काही सेंटिमीटरमध्ये आणि बकेट उचलते फूटभर, शिवाय चाकाखाली तेल आणखी खोल दाबलं जातं. आपल्याकडे किनारे आधीच झिजतायत, कांदोळीला 2000 साली अडकलेल्या रिव्हर प्रिन्सेस जहाजाने दहा वर्षांहून जास्त काळ वाळूचं काय केलं ते आपण बघितलंय, त्यात आपणच ट्रक भरभरून वाळू उचलायची म्हणजे कमाल. मोरजी, आगोंद, गालजीबागला तर कासवांची घरटी असतात, तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय यंत्र नेऊच नये. तेलाने माखलेलं कासव सापडलं तर ते धुवायला जाऊ नका, परत समुद्रात ढकलू नका, सावलीत ठेवा आणि वनखात्याला फोन.

उलट एक काम आधी करता येतं जे कुणीच करत नाही. गळतीची बातमी आली आणि तेल अजून समुद्रातच आहे, तेव्हा किनाऱ्यावरचा प्लास्टिकचा कचरा, नारळाच्या झावळ्या, वाहून आलेली लाकडं सगळं भरतीरेषेच्या वर नेऊन टाका. तेल त्यावर चढलं की साधा कचरा घातक कचरा होतो आणि ढीग कितीतरी मोठा. दोन तास मेहनत, पुढचे दोन आठवडे वाचतात.

साबण, डिटर्जंट, केरोसीन

पाण्यावर साबण टाकला की तवंग फुटतो, दिसत नाही, लोक म्हणतात गेलं. गेलं कुठे, तर बारीक थेंब होऊन पाण्यात खाली, जिथे माशांची अंडी आणि पिल्लं असतात. तेल फोडायची खास रसायनं असतात ती खोल समुद्रात, कोस्ट गार्डच्या परवानगीनेच वापरतात, काठाजवळच्या उथळ पाण्यात आपल्या मनाने काहीही ओतायचं नाही.

पायाला लागलेलं डांबर काढायला पेट्रोल, थिनर वापरणं हाही तसलाच प्रकार, कातडी सोलते आणि ती रसायनं अंगात जातात. घरचं खोबरेल तेल चोळा, चिकटा सुटला की साबण-पाणी. ताज्या तेलाचा उग्र वास येत असेल तर मात्र मुलांना घेऊन लांब व्हा, डोकं दुखतं, मळमळतं, आणि तिथे मदत म्हणून हातमोजे न घालता उतरणं शहाणपणाचं नाही. 2017 ला चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आपटली तेव्हा लोक बादल्यांनी तेल काढत होते, फोटो सगळ्यांनी पाहिले, कौतुकही झालं, पण तशी वेळ यावी हेच चूक.

सगळं तेल सारखंच समजणं

ऑक्टोबर 2019 ला नू शी नलिनी नावाचं जहाज, आत माणूस नाही, वादळी समुद्रात भरकटून दोना पावलाला राजभवनाजवळ खडकावर अडकलं. लोक विचारत होते किनारा काळा होणार का. आत होता नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखं हलकं तेल, तो सांडला तर बराचसा उडून जातो, काळा थर होत नाही, पण आगीचा धोका मोठा. जहाजांचं जड इंधन बरोबर उलटं, ते फारसं उडत नाही, पाणी पिऊन फुगतं, चॉकलेटी लगदा होतो आणि मूळ सांडलं त्याच्या तीन-चार पट माल किनाऱ्यावर येतो. त्यामुळे "किती टन सांडलं" याआधी "काय सांडलं" ते विचारा.

तवंगाचं पण तसंच. रुपेरी चकाकी मैलभर दिसली की व्हॉट्सअपवर हाहाकार, पण एक चौरस किलोमीटर रुपेरी तवंगात तेल असतं साधारण 40 ते 300 लिटर. छोटा पण काळा जाड पट्टा त्याहून वाईट. आणि दरवेळी ते तेल असतंच असंही नाही, ओहोळाच्या साचलेल्या पाण्यावर लोहाच्या जिवाणूंचा तवंग येतो तोही इंद्रधनुषी दिसतो. काडी घालून बघा, तुकडे होऊन तुटलेले राहिले तर जिवाणू, लगेच परत जुळून आला तर तेल. काळी वाळूसुद्धा आपल्याकडे नैसर्गिक आहे, ती बोटाला चिकटत नाही.

खाडीकडे दुर्लक्ष

सगळे कॅमेरे बीचवर, कारण टुरिस्ट तिथे. पण वाळूवरचं तेल लाटा घासून घासून काढतात, खाडीतल्या चिखलात लाटच नाही, तिथे ते वर्षानुवर्षं राहतं. खारफुटीची श्वास घेणारी मुळं तेलाने बंद झाली की झाड मरतं, आणि साफ करायला आपण आत शिरलो तर पायांनी तेल आणखी चिखलात कोंबतो, म्हणून तिथे माणसं न घालणं हीच बऱ्याचदा चांगली सफाई. माझ्या मते मांडवी-झुवारी नद्यांच्या मुखावर तेल दिसलं तर पहिली धावपळ मानशींकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांकडे व्हायला हवी, फळ्या लावून खाजनात, म्हणजे बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतात, पाणी घेणं थांबवा, शेत आणि कोळंबी दोन्ही वाचतील. मुखावर तरंगते अडथळे, म्हणजे बूम, लावतात खरे, पण पाण्याची ओढ एका नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे दोन किलोमीटरच्या जवळ गेली की आडव्या लावलेल्या बूमखालून तेल निसटतं, त्यामुळे फक्त त्यांच्या भरवशावर राहू नका.

मासळीबद्दल दोन्ही टोकं

एक टोक, सगळी मासळी विषारी. दुसरं, शिजवलं की काही होत नाही. बांगडा, इसवण पोहून लांब जातात आणि त्यांच्या शरीरात तेलातले बरेच घटक पचून बाहेर पडतात. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं मात्र जागची हलत नाहीत, दिवसभर पाणी गाळत बसतात आणि तेलातले घटक साठवतात. तेव्हा गळतीनंतर आधी शिंपल्या काढणं-खाणं बंद करा, तपासणी होईपर्यंत. रॉकेलसारखा वास येणारी मासळी शिजवून वास जात नाही, फेकून द्या. रापणकारांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांनी, तेल दिसत असताना जाळं पाण्यात टाकूच नये, एकदा माखलं की ते जाळं पुढची चांगली मासळी पण नासवतं.

कागद न ठेवणं

यावर कुणी बोलत नाही. टँकरमधून टिकाऊ, म्हणजे लवकर उडून न जाणारं तेल सांडलं तर 1992 च्या आंतरराष्ट्रीय करारांखाली भरपाई मागता येते, भारत त्यात आहे, आणि नुसती जाळी-होड्याच नाही तर शॅक, गेस्ट हाऊसची बुडालेली कमाई पण धरतात. नुकसान झाल्यापासून 3 वर्षांत दावा लावावा लागतो. जहाज सापडलं नाही तरी वाट बंद होत नाही, पण तेल टँकरचंच होतं हे दाखवावं लागतं, म्हणून उचलण्याआधी, धुण्याआधी थोडा नमुना काचेच्या स्वच्छ बाटलीत, वर तारीख, वेळ, जागा. आपला धंदा रोखीत चालतो, तिथेच लोक अडकतात, मागच्या दोन-तीन वर्षांची बिलं, बर्फाच्या आणि डिझेलच्या पावत्या, बुकिंग रद्द झाल्याचे मेसेज, सगळं जपून ठेवा.

आणि तेल दिसलं की आधी कोस्ट गार्डचा 1554, मग पंचायत. कोस्ट गार्ड समुद्र बघतं, किनाऱ्याची सफाई राज्याकडे येते, त्यामुळे एकालाच फोन करून वाट बघत बसू नका. फोनवर जागा, वेळ, रंग, पट्टा किती लांब, वास येतो का एवढं सांगा, आणि फोटो काढताना बाजूला चप्पल ठेवा, आकार कळतो.