सामाजिक आणि राजकीय शास्त्रांचा अभ्यास: गुण गळतात त्या जागा, या चुका टाळा

भरपूर वाचलं, पानं भरली, तरी निबंधाला मधलेच गुण का पडतात? सामाजिक आणि राजकीय शास्त्रांत याचं कारण सहसा कमी पाठांतर हे नसतं. दावा एका गोष्टीचा केलेला असतो आणि पुरावा भलत्याच गोष्टीचा जोडलेला असतो. निबंध, सर्वेक्षण, लघुप्रबंध, कुठेही पाहा, काम बहुतेकदा याच सांध्यात खिळखिळं होतं.

‘कितपत’ला उत्तरच नाही

समजा प्रश्न आहे: ‘रॉबर्ट डाल यांची सत्तेची कल्पना कितपत पुरेशी आहे?’ (राज्यशास्त्रज्ञ डाल यांच्या मते, दुसरा एरवी करणार नाही ते त्याच्याकडून करवून घेणं म्हणजे सत्ता.) नेहमीचं उत्तर असं जातं: डाल १९५७ मध्ये काय म्हणाले, बॅक्रॅक आणि बॅराट्झ यांनी १९६२ मध्ये काय आक्षेप घेतला, ल्यूक्स यांनी १९७४ मध्ये त्यात कशाची भर घातली. सगळं बरोबर, पण ही झाली सनावळी. ‘कितपत’ तसंच लटकत राहिलं.

उत्तर पहिल्याच परिच्छेदात एका वाक्यात द्या. उदाहरणार्थ, ‘संघर्ष उघड असतो तिथे ही कल्पना पुरते, एखादा विषय चर्चेलाच येऊ दिला जात नाही तिथे ती तोकडी पडते.’ मग पुढचा प्रत्येक परिच्छेद या वाक्याच्या बाजूने किंवा विरोधात काहीतरी सांगेल. पडताळणी सोपी आहे. मसुद्यातल्या प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाचा. चारपैकी तीन वाक्यं विचारवंताच्या नावाने सुरू होत असतील, तर तुम्ही युक्तिवाद केलेला नाही, अहवाल लिहिला आहे.

विरोधी मत शेवटी दोन ओळींत उरकणं ही याचीच धाकटी बहीण. सर्वांत मजबूत आक्षेप निवडा आणि त्याला पूर्ण परिच्छेद द्या. लेचापेचा आक्षेप खोडून काढल्याचे गुण मिळत नाहीत.

वाचन क्रमाने करणं

शोधनिबंध म्हणजे रहस्यकथा नव्हे; शेवट आधी वाचायला हरकत नाही. सारांश, प्रस्तावना, निष्कर्ष, मग तक्ते, आणि गरज वाटली तरच मधला भाग. वाचून झाल्यावर मजकूर बंद करून तीन ओळी लिहा: प्रश्न काय होता, उत्तर काय दिलं, पुरावा कोणता. तिसरी ओळ लिहिता आली नाही, तर वाचन पूर्ण झालेलं नाही. पानभर पिवळं हायलायटर फिरवल्याने ही ओळ आपोआप येत नाही.

संकल्पना वाटेत बदलते

प्रस्तावनेत ‘लोकशाही’ म्हणजे नियमित निवडणुका, तिसऱ्या पानावर नागरी स्वातंत्र्य, आणि निष्कर्षात समता. असं झालं की कोणताही निष्कर्ष सिद्ध करता येतो, म्हणजेच काहीच सिद्ध होत नाही. व्याख्या पहिल्या दोनशे शब्दांत द्या. ती का निवडली हे एका वाक्यात सांगा आणि ती कशावरून मोजणार तेही लिहा. शब्दकोशातली व्याख्या इथे चालत नाही. वाद कुठे आहे हे ती सांगत नाही.

समूहावरून व्यक्तीबद्दल बोलणं

ही चूक सर्वांत फसवी आहे, कारण आकडे खरे असतात. समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्ये अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेवर काम करून ती उघड केली. राज्यांची तुलना केली तर परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जिथे जास्त, तिथे निरक्षरता कमी दिसत होती. सहसंबंध (दोन गोष्टी किती सोबत बदलतात याचं उणे १ ते अधिक १ मधलं माप) सुमारे उणे ०.५३. व्यक्ती पाहिल्या तर चित्र उलटं होतं: परदेशात जन्मलेल्यांमध्ये निरक्षरता किंचित जास्तच होती, सहसंबंध सुमारे अधिक ०.१२. स्थलांतरित मुळात अशा राज्यांत जाऊन राहिले होते, जिथले स्थानिक लोक जास्त शिकलेले होते.

‘ज्या मतदारसंघांत तरुण जास्त, तिथे अमुक पक्ष जिंकला, म्हणजे तरुणांनी त्याला मतं दिली’ हे वाक्य याच सापळ्यातलं आहे. तुमच्याकडे मतदारसंघांचा डेटा असेल तर निष्कर्षही मतदारसंघांबद्दलच काढा. मतदारांबद्दल बोलायचं असेल तर व्यक्तींचं सर्वेक्षण हवं.

नमुना मोठा, म्हणून खरा

१९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने मतचाचणीसाठी सुमारे १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. त्यांतल्या २० लाखांहून अधिक परत आल्या आणि अंदाज निघाला की रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी घेतली. पत्ते मोटार आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून घेतलेले, म्हणजे सुस्थितीतल्या लोकांकडे झुकलेले. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी सगळे सारखी घेत नाहीत.

मित्रांच्या ग्रुपवर फॉर्म फिरवून दोनशे उत्तरं मिळवली, तर ती त्या ग्रुपचीच असतात. ते तसं लिहा, ‘विद्यार्थ्यांचं मत’ म्हणून नको. नमुना खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखा असला, तरी १,००० जणांच्या नमुन्यात चूक सुमारे अधिक-उणे ३ टक्केबिंदू धरावी लागते. त्यातला १०० जणांचा उपगट वेगळा काढला, की ती १० च्या घरात जाते. आणि हो, २० टक्क्यांवरून २५ वर गेलेली संख्या ५ टक्केबिंदूंनी वाढली, म्हणजेच २५ टक्क्यांनी. दोन्हींत गल्लत झाली, तर परीक्षक पुढचे आकडेही संशयाने वाचतो.

फक्त घडलेल्या घटना निवडणं

क्रांती का होते हे शोधायला क्रांती झालेलेच चार देश घेतले, की चारही ठिकाणी महागाई आणि असंतोष सापडतोच. तो क्रांती न झालेल्या देशांतही असतो. निदान एक उदाहरण असं घ्या, जिथे परिस्थिती तशीच होती पण घटना घडली नाही.

लघुप्रबंध आणि फील्डवर्क

‘सोशल मीडिया आणि लोकशाही’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. कोणता मंच, कोण वापरणारे, कोणता काळ, आणि बदल कशात मोजायचा, या चारही गोष्टी एका वाक्यात बसेपर्यंत माहिती गोळा करायला निघू नका. नैतिक मंजुरी लागत असेल तर ती आधी घ्या. मंजुरीपूर्वी घेतलेल्या मुलाखती सहसा वापरता येत नाहीत.

प्रश्नावलीत जोडप्रश्न, म्हणजे एकात दोन प्रश्न, हमखास शिरतात. ‘शिक्षण आणि आरोग्यावर पुरेसा खर्च होतो का?’ याला ‘नाही’ म्हणणाऱ्याचा रोख नेमका कशावर, हे नंतर कळायला मार्ग नाही. पाच-सहा जणांवर चाचणी घ्या आणि प्रत्येक प्रश्न त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा. अडखळतील तिथे प्रश्न बदला.

वेळेचा हिशेबही चुकतो. तासाभराच्या मुलाखतीचं लेखन करायला चार ते सहा तास जातात. बारा मुलाखती म्हणजे ४८ ते ७२ तास, आणि विश्लेषण अजून सुरूही झालेलं नाही. स्वयंचलित लेखनाने वेळ वाचतो, पण नावं आणि बोलीतले शब्द तपासावेच लागतात.

संदर्भसूची शेवटच्या रात्रीसाठी ठेवू नका. पान क्रमांक टिपण काढतानाच लिहा. दुसऱ्याच्या पुस्तकात भेटलेलं अवतरण मूळ वाचल्यासारखं देऊ नका. चॅटबॉटने सुचवलेला संदर्भ तर ग्रंथालयाच्या शोधात उघडून पाहिल्याशिवाय घेऊच नका. लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असं सर्रास निघतं.