सेटवरची बंदूक: चाप ओढण्याआधी आणि नंतर

ब्लँक काडतुसात गोळी नसते, पण दारू असतेच. ती पेटली की तापलेला वायू, न जळलेले कण आणि काडतुसाच्या तोंडाशी बसवलेला बोळा असं सगळं नळीतून सुसाट बाहेर पडतं. १२ ऑक्टोबर १९८४ रोजी 'कव्हर अप' या अमेरिकी मालिकेच्या सेटवर अभिनेता जॉन-एरिक हेक्समने मधल्या रिकाम्या वेळात गंमत म्हणून ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर कानशिलाला लावलं आणि चाप ओढला. आत ब्लँकच होतं. तरीही त्या दणक्याने कवटीचा तुकडा मेंदूत घुसला आणि सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

म्हणून बंदूक डोक्याला, छातीला किंवा तोंडाला टेकवायची असेल, तर तिथे फक्त रबरी किंवा अखंड घडवलेली नकली बंदूक वापरा. रिअ‍ॅलिटी शोमधला 'जिवाशी खेळ' असो की मालिकेतलं ओलीसनाट्य, नियम तोच. आणि आधी एक प्रश्न विचारा: खऱ्या बंदुकीची गरज आहे का? 'द रुकी' या मालिकेने ऑक्टोबर २०२१पासून ती बंद करून एअरसॉफ्ट, म्हणजे प्लास्टिकचे छर्रे उडवणाऱ्या नकली बंदुका घेतल्या आणि नळीतली ज्वाळा संगणकावर घालायला सुरुवात केली. पडद्यावर फरक फारसा कळत नाही.

खरी बंदूक लागणारच असेल, तर शस्त्रांची जबाबदारी एकाच माणसाकडे, म्हणजे आर्मररकडे द्या. काडतुसं भरायची त्यानेच, रिकामी करायची त्यानेच. बंदूक टेबलावर किंवा ट्रॉलीवर पडून राहता कामा नये. जिवंत काडतूस सेटच्या आवारातसुद्धा नको.

तपासणीत सगळ्यात जास्त चुका होतात त्या डमी काडतुसांत. डमीला पुढे खरी गोळी असते, पण आत दारू नसते आणि दारू पेटवणारी मागची टोपी निकामी असते. क्लोजअपमध्ये काडतुसं दिसावीत म्हणून ती भरतात. चांगल्या डमीच्या कवचाला बाजूने भोक पाडलेलं असतं किंवा आत छोटा छर्रा असतो, हलवला की खुळखुळतो. प्रत्येक डमी कानाशी नेऊन हलवा. भोकही नाही आणि आवाजही नाही, तर ती बाजूला काढा.

घरगुती डमी का नको, हे मार्च १९९३मध्ये 'द क्रो' या चित्रपटाच्या चित्रीकरणात दिसलं. खऱ्या काडतुसांतली दारू काढली, टोप्या मात्र जिवंत राहिल्या. एका टोपीच्या जोराने गोळी निसटून नळीत अडकली. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं आणि त्या गोळीने अभिनेता ब्रँडन लीचा जीव घेतला. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं तो कप्पा, तपासला तरी अशी अडकलेली गोळी दिसत नाही. बंदूक पूर्ण रिकामी करा, मागून टॉर्चचा प्रकाश टाका, नळीतून सळई आरपार घाला. डमी काढून ब्लँक भरताना दर वेळी हे करा.

मग बंदूक कलाकारासमोर उघडून दाखवा. सहायक दिग्दर्शकाची 'कोल्ड गन', म्हणजे 'बंदुकीत जिवंत काडतूस नाही' ही हाक म्हणजे तपासणी नव्हे. २०२१मध्ये 'रस्ट' या चित्रपटाच्या सेटवर ती हाक दिली गेली होती, आणि आत जिवंत काडतूस होतं.

ब्लँक पाव, अर्ध्या आणि पूर्ण भाराचे, म्हणजे कमी-जास्त दारूचे मिळतात. शॉटला पुरेल तो सर्वांत कमी भार निवडा. नळीसमोर किमान २० फूट कोणी नको. पूर्ण भाराला याहून जास्त अंतर लागू शकतं, ते चाचणी घेऊन ठरवा. समोरच्या नटावर थेट नेम धरू नका, थोडा बाजूला धरा. कॅमेऱ्याचा कोन नीट लावला की तो बरोबर वाटतो. कॅमेरा समोरच हवा असेल, तर तो दूरनियंत्रणाने चालवा आणि पुढे पॉलिकार्बोनेटची ढाल उभी करा. कानांत बोळे सर्वांच्या, आवाजवाल्यांच्या तर नक्कीच. सेमी-ऑटोमॅटिकची तापलेली कवचं बहुधा उजवीकडे उडतात, तिकडे कोणाला उभं करू नका.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर कलाकाराने नळी सुरक्षित दिशेला धरून तसंच थांबायचं. किमान ३० सेकंद जाऊ द्या, बार उशिरा होऊ शकतो. नंतर बंदूक आर्मररच घेईल. आवाज नेहमीपेक्षा दबका आला, तर पुढचा टेक नाही. आधी नळीत काही अडकलंय का ते बघा.

दिवस संपला की दिलेले ब्लँक, उडालेली कवचं आणि उरलेले ब्लँक यांचा हिशेब जुळवा. एक जरी कमी निघाला, तरी सेट सोडू नका. खिसे, पिशव्या, गाड्यांच्या सीटखालची जागा, सगळं शोधा.